रुईची फांदी

हळद दळणं चालू असतानाच निरोप आला. बाळापूरला नदीच्या डोहात रविकांतचं प्रेत सापडलं होतं. त्याचं लग्न चार दिवसांवर होतं. बायका जात्यावरून उठल्या. त्याच्या वडिलांनी, भगवंतराव मास्तरांनी, चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला.

संध्याकाळी प्रेत अकोल्याला घरी आणलं. भगवंतरावांचे थोरले बंधू बापूसाहेब रुईची फांदी तोडून घेऊन आले. बिनलग्नाचा पुरुष गेला तर जाळण्याआधी त्याचं रुईशी लग्न लावायची घराण्याची रीत होती. भटजींनी अक्षता कालवल्या.

"हे नाई होणार," रविकांतच्या आई रमाबाई म्हणाल्या.

"काहून? मुंजा होऊन पिंपळावर बसन तो," बापूसाहेब म्हणाले. "रुई थोडीच नाई म्हनते?"

"पोरगा म्हनत होता नाई. मले सांगतलं होतं त्यानं. आई, माझा जीव श्रावणवर हाय, बाईशी संसार मले नाई जमत. मीनं याईले सांगतलं, त हे म्हनले, लगीन झालं का सारं ठीक होते."

सगळे भगवंतरावांकडे पाहू लागले. श्रावण बाहेर शेवग्याखाली उभा होता. आत ये असं त्याला कोणी म्हटलं नव्हतं.

भगवंतरावांनी भावाच्या हातातली फांदी काढून घेतली.

"दादा, जितेपणी त्याचं ऐकलं नाई. आता लगीन लागणार नाई."

"लोक इचारतीन, त काय सांगू?"

"हेच सांगा. पोराचा जीव पुरुषावर होता. त्यात त्याचा काई गुन्हा नोता. लगीन आमी लादलं."

भटजी उठून गेले. त्यांच्यामागून बापूसाहेबही गेले. खांद्याला माणसं कमी पडली, तेव्हा रमाबाईंनी श्रावणला हाक मारली.

त्यानंतर अकोल्यात किंवा अमरावतीत एखादा मुलगा लग्नाला नाही म्हणतो आणि घरचे जबरदस्ती करतात असं कानावर आलं, की भगवंतराव आणि रमाबाई त्या घरी जाऊन बसत. रविकांतचं सगळं सांगत. कोणी चहा देई. बरेच जण उठवून लावत. "स्वतःचं पोरगं खाल्लं, आता आमाले शिकवाले आले," असं एकाने तोंडावर ऐकवलं. रमाबाई म्हणाल्या, "हो. म्हनूनच आलो."

दिवाळीआधी रमाबाई तापाने गेल्या. आता भगवंतराव एकटेच जातात.

श्रावणचं लग्न वैशाखात ठरलं आहे. त्याच्या बापाने भगवंतरावांना अजून ओसरीवर चढू दिलेलं नाही.