सूचनांची वेळ संपली

पुढच्या पंचवीस वर्षांचा वाहतूक आराखडा लोकांना विचारूनच करायचा, असं वरून बजावलं होतं. म्हणून नियोजन अधिकाऱ्यांनी, ज्यांना कचेरीत सगळे आराखडेसाहेब म्हणत, शहरातलं चकचकीत सभागृह घेतलं, दारावर फलक लावला आणि लोकांना एकदाचं विचारून टाकलं.

लोक आले, सगळे आपापल्या गाडीतून. पेट्रोलपंपाचे मालक आले, दुकानदार आले. फुकटची बिस्किटं हादडून त्यांनी एकमुखाने काय मागितलं? वाहनतळ! खेड्यांकडच्या बसबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

"खेड्यातल्यांना कशाचं काही पडलेलंच नाही," साहेब कारकुनाला म्हणाले. "नंतर बोंबा मारायला मात्र पुढे!" आणि मोठ्याने म्हणत त्यांनी टिपणात ठोकून दिलं: मागणी नाही, सबब बस बंद करावी.

शिपाई खुर्च्या आवरत होता, तेवढ्यात दारात साहेबांची थोरली बहीण उभी दिसली. तिने सगळं ऐकलं होतं. पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले.

"ताई, तू इथे?"

"सूचना द्यायला आले."

"सूचनांची वेळ संपली गं. अकरा ते एक होती."

"आमच्याकडून शहराची बस दुपारी सुटते, हे ठाऊक नाही तुला? दुधाच्या टेम्पोतून आले, उरलेलं चालत."

"फोन करायचास. गाडी पाठवली असती."

"आणि दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायला याच बसने येते, त्याचं काय? ते चुकलं तर नजर जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलंय."

"त्यालाही गाडी पाठवत जाईन."

"माझ्यासाठी पाठवशील. माझ्या शेजारणीचा भाऊ अधिकारी नाही. तिने आंधळं व्हायचं?" ताईचा आवाज चढला. "बसबद्दल विचारायला बोलावलंस, तेही बस नसताना! ज्यांना बस लागतच नाही त्यांना विचारलंस आणि वर म्हणतोस, आम्हाला काही पडलेलं नाही?"

साहेबांची मान खाली गेली. एवढ्या पदव्या, एवढे नकाशे, आणि ही साधी गोष्ट डोक्यात येऊ नये! त्यांना स्वतःचीच किळस आली. त्यांनी टिपणातली ती ओळ खोडली आणि पुढची सभा ताईच्या गावच्या थांब्यावर ठेवली. वरिष्ठ म्हणाले, "नसतं खूळ!" साहेबांनी ऐकलं नाही. उलट सरकारी गाडी सोडून ते सकाळच्या बसने निघाले.

बस उशिरा आली. वाटेत दोनदा बंद पडली. अंगाचा चेंदामेंदा करून घेत, उभ्याने प्रवास करून साहेब पोहोचले, तेव्हा पत्र्याच्या शेडखालून माणसं उठू लागली होती.

"सूचनांची वेळ संपली, साहेब," ताई गंभीरपणे म्हणाली. "अकरा ते एक होती."

सगळे खो खो हसले. साहेब ओशाळले, मग तेही हसले. ताईने सरकून बाकावर जागा केली. "टेक इथे. आता ऐक एकेकाचं."

"पहिली सूचना माझीच," साहेब घाम पुसत म्हणाले. "ही बस वेळेवर धावलीच पाहिजे!"

आराखड्यात ती बस राहिली. नागरिकहो, ज्यांना आपल्यापर्यंत पोहोचताच येत नाही, त्यांच्या गप्प राहण्याला संमती म्हणणं हा शुद्ध निर्लज्जपणा आहे. लोकांना विचारायचं असेल, तर उठा आणि त्यांच्या वाटेने त्यांच्या दारात जा. नाहीतर निदान विचारल्याचं सोंग तरी करू नका!