कव्हरवर हंबीरराव, आत शाहजादी

मित्रांनो, मी जुनी कॅसेट आहे आणि मी चिडलेली आहे. जुन्या वस्तूंनी आपली गोष्ट हळव्या आवाजात सांगावी अशी रीत आहे, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या आत जो आवाज आहे तो कधी कुणापुढं हळवा झाला नाही. मग मी तरी कशाला होऊ?

माझ्यात मोहरमची गाणी आहेत. आमच्या सांगली-साताऱ्याकडं त्यांना करबल म्हणतात. गावातले हिंदू-मुसलमान एकत्र फेर धरतात, एक जण पुढं गातो आणि बाकीचे मागून सूर ओढतात. पुढं गाणारा पुरुषच असतो. आष्ट्याची शाहजादी मात्र आपल्या उंबऱ्यात बसून हीच गाणी गायची आणि फेर धरणारे आपलं गाणं थांबवून तिचं ऐकायचे.

आष्ट्यात हंबीरराव म्हणून एक गृहस्थ होते. मंडप आणि स्पीकर भाड्यानं द्यायचे. त्यांनी शाहजादीला आणि हलगीवाल्या आप्पासोला सांगलीला नेलं, एका छोट्या स्टुडिओत बसवलं आणि माझा जन्म झाला. इथवर त्यांचे उपकारच म्हणायचे. मग कव्हर छापायची वेळ आली. "करबलवर बाईचं नाव बगून कोन घील? माजं टाकतो. लोकं मला वळखत्यात," असं ते म्हणाले आणि ठळक अक्षरांत छापून मोकळे झाले, 'हंबीरराव आणि पार्टी'. तळाला बारीक अक्षरांत 'हलगी : आप्पासो'. शाहजादी कुठंच नाही. ती त्या पार्टीत गेली.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसले असते. करबलच्या शेवटच्या कडव्यात गाणाऱ्यानं आपलं नाव आणि गाव सांगायचं असतं. शाहजादीचं कडवं होतं, 'शाहजादी गाते, आष्टा गाव तिचं.' हंबीररावांनी तेही बदलायला लावलं. काचेपलीकडं ते उभे होते, आणि ती गायली, 'हंबीरराव गातो, आष्टा गाव त्याचं.' तेसुद्धा तिनं सुरातच गायलं. तिला बेसूर गाता येतच नव्हतं.

पुढं माझे दिवस चांगले गेले. आष्टा-सांगली वडापच्या, म्हणजे माणसं भरली की सुटणाऱ्या, जीपमध्ये मी रोज वाजायचे. दाटीवाटीनं बसलेल्या बायका म्हणायच्या, "काय आवाज हाय गं बाई." ड्रायव्हर म्हणायचा, "हंबीररावाची कॅसेट हाय ती." शाहजादीही कधीमधी त्याच जीपनं जायची. मांडीवर पिशवी घेऊन मागं बसायची आणि खिडकीबाहेर बघत राहायची. तिच्या त्या गप्प राहण्याचाही मला राग येतो, पण तो तिच्यावर नाही.

मग सीडी आल्या, मोबाईल आले आणि मी भंगारात गेले. तिथून सांगलीच्या जुन्या बाजारात, आणि बाजारातून वीरधवल यांच्या काचेच्या कपाटात. हे बँकेतून निवृत्त झालेले, कॅसेटी जमवायचा नाद असलेले गृहस्थ. त्यांनी मला मऊ फडक्यानं पुसलं, कव्हरचा फोटो काढला आणि ठेवून दिलं. वाजवलं मात्र एकदाही नाही. लोणच्याची बरणी रोज पुसायची आणि लोणचं चाखायचं नाही, तसला हा प्रकार. याला लोक कदर म्हणतात.

तो फोटो इंटरनेटवरच्या एका गानसूचीत गेला. जुन्या ध्वनिमुद्रणांची ही यादी हौशी लोकांनी मिळून चालवलेली आहे. तिथं कोणीही नोंद करू शकतो, आणि कोणीही करतो. त्यामुळं मी एकटी असून तिथं चार कॅसेटी झाले. कुणी मला भक्तिगीतांत घातलं, तर मोहरम म्हटल्याबरोबर कुणी कव्वालीत ढकललं. हलगीवाला आप्पासो तर तीन माणसं झाला. एक आप्पासो, एक आप्पासाहेब, आणि तिसरा 'आप्पा एस. ओ.' आमच्याकडं साहेबाचा 'सो' होतो, हे त्या तिसऱ्या नोंदवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

साताऱ्याच्या प्राध्यापिका संयोगिता यांनी हा घोळ पाहिला आणि पदर खोचला. सगळ्यांसाठी एकच नियम हवा, असं त्यांनी ठरवलं. कव्हरवर जे छापलंय ते जसंच्या तसं लिहायचं, स्वतःच्या मनाचं काही घालायचं नाही. मित्रांनो, मी खोटं बोलणार नाही. मला तो नियम आवडला होता. माझ्या चार नोंदींची एक झाली. आप्पासोही पुन्हा एक माणूस झाला.

पण माझी एक प्रत साताऱ्यात कुणाकडं तरी वाजली आणि त्यानं सूचीवर विचारलं, "हा आवाज बाईचा नाही का?" वीरधवलांनी कपाट न उघडताच उत्तर लिहिलं. करबलमध्ये पुढं पुरुषच गातो, तेव्हा हंबीरराव हे स्त्रीपार्टी असणार. पूर्वी नाटकात बायकांची कामं करणाऱ्या पुरुषांना स्त्रीपार्टी म्हणत. कव्हरवरच्या 'पार्टी'वरून यांच्या डोक्यात ही दुसरी पार्टी शिरली असावी. झालं, नोंदीखाली टीप आली, 'स्त्री आवाजात गाणारे अखेरचे करबल गायक.' शेकडो लोकांनी वाहवा केली. ज्या हंबीररावांना गणपतीची आरती सुरात जमली नाही, ते मेल्यावर असे गायक झाले.

ही टीप शाहजादीच्या नातीनं वाचली. मुबश्शिरा तिचं नाव, सांगलीत दवाखान्यात नोकरी करते. नियम पक्के करायला वीरधवलांच्या घरी सूचीवाल्यांची बैठक होती, तिथं ती नानीला घेऊनच आली.

"आवं, ह्यो आवाज माजा हाय," शाहजादी म्हणाली. एवढंच सांगायला ती आष्ट्याहून आली होती.

"आजी, आम्ही तुम्हाला खोटं म्हणत नाही," संयोगिता म्हणाल्या. "पण काही छापील आधार आहे का?"

"आधार त्या कपाटात हाय," मुबश्शिरा म्हणाली. "लावा की एकदा."

कितीतरी वर्षांनी मी बाहेर आले. आधी खरखरले, मग तो आवाज बाहेर पडला. शाहजादीची बोटं गुडघ्यावर ताल धरू लागली. मला वाटलं, आता फिटलं सगळं. तेवढ्यात शेवटचं कडवं आलं. 'हंबीरराव गातो, आष्टा गाव त्याचं.'

"घ्या," वीरधवल म्हणाले. "स्वतःच सांगतोय की."

त्या क्षणी माझी फीत तुटली असती तर बरं झालं असतं.

"ते मला म्हनायला लावलं हुतं," शाहजादी म्हणाली. आणि तिनं ते कडवं तिथंच, थकलेल्या आवाजात, आपल्या नावानं गाऊन दाखवलं. माझ्यात हंबीररावांच्या नावापाशी ताल अडखळतो. आप्पासोला तिथं एक ठोका जास्तीचा मारावा लागला होता. तिच्या नावापाशी काहीच अडखळलं नाही. कान असलेल्या प्रत्येकाला ते कळलं.

संयोगितांनाही कळलं. त्या खाली बघून म्हणाल्या, "आजी, मला पटलंय. पण एकीसाठी नियम वाकवला तर उद्या प्रत्येक कॅसेटमागं कोणीतरी उभं राहील." मी म्हणते, राहू दे की उभं. आजवर ते सगळे मागंच तर बसवले होते.

हात वर झाले आणि नियम तसाच राहिला. स्त्रीपार्टीची टीप तेवढी काढली, आणि तिच्या जागी एक ओळ घालायची ठरली. मुबश्शिरानं ती फोनमध्ये बघून नानीला वाचून दाखवली, "काहींच्या मते हा आवाज शाहजादी यांचा आहे."

शाहजादीनं विचारलं, "काहींच्या मते म्हंजी कुनाच्या गं?"

"तुझ्याच की, नानी."

मित्रांनो, माझी हात जोडून विनंती वगैरे नाही, मला रागच आलेला आहे. नियम जरूर करा. नियमाशिवाय एका माणसाची तीन होतात, हे मी स्वतः भोगलंय. पण नियम लिहिणाऱ्यानं आधी ऐकावं. कव्हर हंबीररावांनी छापलं, शेवटचं कडवंही त्यांनीच घालून दिलं, पण बाकीचं सगळं तिचं आहे. आम्हा जुन्या कॅसेटींना कपाट नको, फडकं नको, आम्हाला शेवटपर्यंत लावा. माझ्यात जी गाते ती शाहजादी आहे, आणि हे कुणाचंही मत नाही.