शेवटच्या गाण्याचे शब्द

आमच्या ह्यांचे कान गेले ही गोष्ट जगात तिघांनाच माहीत होती. ह्यांना, मला आणि कानाच्या डॉक्टरला. डॉक्टरला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे त्याची भीती नव्हती.

हे एका साप्ताहिकात नव्या अल्बमांची परीक्षणं लिहितात. रॉक, मेटल, लोकगीतं, जे येईल ते. उभा जन्म त्यातच गेला. तरुणपणी प्रत्येक कार्यक्रमात स्पीकरच्या अगदी तोंडाशी जाऊन उभे राहायचे. मागे राहिलं तर म्हणे बेस छातीत लागत नाही. लागला ना आता! डॉक्टरनं यंत्र दिलंय. ते लावून समोरासमोर बसलं की बोलणं बरंचसं कळतं, पण गाण्याचा नुसता चुरा होतो. "गिटार लाव नाहीतर खडी चाळ, मला एकच," असं हे म्हणाले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत. मलाही घास गेला नाही.

संपादकांना सांगून टाका, असं मी म्हणून पाहिलं.

"सांगतो. आणि उद्यापासून काय करू? भाजी निवडू?"

"निवडा की. हात झिजणार आहेत का?"

पण ह्यांचा चेहरा अगदी उतरला. मग आम्ही आमची तोड काढली. हेडफोन मी लावायचा. हे समोर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसणार, आणि मला जे ऐकू येईल ते मी सांगत जायचं. चांगलं की वाईट हे मी बोलायचं नाही, ते ठरवणार हे. मला त्या धांगडधिंग्यातलं काय डोंबल कळतंय? मी आपली माझ्या परीनं सांगायची. "आता जिन्यावरून रिकामी बादली गडगडत आली." "आता कुणाचा तरी दात कोरतायत." "आता बाई गातेय, पण आतल्या खोलीतून, दार लावून." हे माझ्या तोंडाकडे बघत भराभर टाइप करायचे.

आणि गंमत बघा, लोकांना ते आवडायला लागलं. संपादकांनी लिहून पाठवलं, इतक्या वर्षांनी तुमच्या लेखणीला पालवी फुटलीय. मी म्हटलं, "पालवीला पाणी कोण घालतंय ते विचारा म्हणावं." हे खूप दिवसांनी हसले.

आता पोराचं सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आम्हाला एकुलता एक मुलगा. बापाच्याच नादानं गिटार हातात घेतली. मित्रांबरोबर पहिला अल्बम काढला आणि मोठ्या आशेनं बापापुढे ठेवला. ह्यांनी त्याचं परीक्षण लिहिलं, छापून आणलं. 'या मुलांनी वाद्यं विकून सायकली घ्याव्यात, निदान कुठे तरी पोचतील.' मी म्हटलं, अहो, पोटचा पोर आहे. तर म्हणे, घरच्याला सूट दिली तर बाहेरच्यांना कुठल्या तोंडानं बोलू? पोरानं ते साप्ताहिक जेवणाच्या टेबलावर वाचलं, घडी घातली आणि संध्याकाळी सामान घेऊन गेला. नंबर बदलला. तेव्हा ह्यांचे कान शाबूत होते. त्या घराला मग कुणाचा आवाज राहिला नाही, एवढं खरं.

परीक्षणासाठी साप्ताहिकाकडून दर महिन्याला अल्बमांचा गठ्ठा येतो, त्यात या वेळी एक सीडी आली. बँडचं नाव कधी न ऐकलेलं, वर चौघांचा फोटो. तिसरा दाढीवाला. मी नुसती बघत राहिले. दाढी वाढली म्हणून काय झालं, अंगठ्याचं नख कुरतडायची सवय फोटोतही सुटली नव्हती.

"हा आपला आहे," मी म्हटलं.

ह्यांनी फोटो जवळ नेला, लांब धरला. "हा आपला, हे संपादकांना माहीत नाही," हे म्हणाले. मग चष्मा पुसला. "लाव. ऐकू या."

त्या दुपारी मी जितकं मन लावून ऐकलं तितकं आयुष्यात काही ऐकलं नसेल. पहिली सगळी गाणी दणदणीत होती. मी सांगत होते, "पत्र्यावर गारा पडतायत. आता थांबल्या. आता एकच गार पडतेय, पण बरोबर तालात." हे पुढे सरकून विचारत होते, "ड्रम गिटारला सोडून पळतोय का?" मी म्हटलं, "नाही हो, हात धरून चाललेत दोघं." ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "शिकला म्हणायचा," हे म्हणाले. "माझ्याशिवाय शिकला."

मग शेवटचं गाणं लागलं. ड्रम नाही, काही नाही. नुसती गिटार आणि पोराचा आवाज, जुन्या लोकगीताच्या चालीवर, संथ.

तुझे बोल ओळखले मी, त्याच्या नावाखाली छापलेले.
आई, ऐकणारी तूच आहेस, त्याला काही सांगू नकोस.
माझ्याकडे खोली आहे, खिडकी आहे, तू ये.
यायचं असेल तर त्याच्याच पानावर ओळ येऊ दे,
शेवटचं गाणं ऐकू आलं, एवढीच.

त्यानं बादली ओळखली होती, दात कोरणं ओळखलं होतं. कुठल्या तरी भाड्याच्या खोलीत बसून माझा पोरगा दर आठवड्याला बापाचं पान वाचत होता आणि त्यात मला शोधत होता. मी गाणं मागे नेलं. पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे नेलं.

"काय आहे?" ह्यांनी विचारलं. "इतका वेळ काय ऐकतेस?"

काय सांगणार होते मी? की लेक मला तुमच्यापासून घेऊन जायचं म्हणतोय? समोर हा माणूस, माझ्या तोंडाकडे डोळे लावून बसलेला, मी बोलेन तेवढंच ज्याचं गाणं. आणि खरं सांगू? मला जावंसंही वाटलं. कडकडून वाटलं. त्या वाटण्याचीच मला जास्त भीती वाटली.

"गुरगुरतोय नुसता," मी म्हटलं. "शब्द कळत नाहीत."

ह्यांनी एकदा माझ्या ओठांकडे बघितलं. मग मान खाली घालून टाइप करायला लागले. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. स्तुतीच होती सगळी, पोरगा हरखला असता अशी. आणि शेवटी: 'अखेरच्या गाण्याचे शब्द मात्र अजिबात ऐकू येत नाहीत. गायकानं तोंड उघडून गायला हवं होतं.'

"ती ओळ काढा ना," मी म्हटलं.

"का? तूच म्हणालीस ना?"

आता हो म्हटलं तरी फसले आणि नाही म्हटलं तरी फसले. एक खोटं बोललं की त्याच्या पाठीला दुसरं लागतं, ते मला सुचेना. "बघा बाई, तुमचं तुम्ही," असं काहीतरी पुटपुटून मी उठले आणि ओट्यापाशी जाऊन पुसलेलाच ओटा पुसत राहिले. ह्यांनी परीक्षण पाठवून दिलं.

शुक्रवारी अंक आला. ती ओळ जशीच्या तशी होती. पोरगा हेच वाचत असेल आता. आईनं ऐकलं आणि नाही म्हणून कळवलं, असंच ना वाटेल त्याला? मी ह्यांच्यापुढे जाऊन बसले.

"मी खोटं बोलले. शब्द कळले होते मला."

"माहीत आहे," हे म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"दुसऱ्यांदा ऐकताना तू त्याच्याबरोबर म्हणत होतीस. तुझे ओठ हलत होते." ह्यांनी अंकाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "तू ये, असं होतं. आणि ओळ छापायचं काहीतरी."

"कळलं होतं, आणि तरी हे लिहिलंत?"

"तू गेलीस तर माझं काय होईल, एवढंच आलं डोक्यात. दुसरं काही आलंच नाही."

मग मी ओरडले. लग्नानंतर कधी ओरडले नव्हते इतकी ओरडले. एकदा त्याची वाद्यं विकायला काढलीत, आता त्याची आई दाबून ठेवलीत, बाप आहात की वैरी? तुमच्या त्या पानाला आग लागो! हे माझ्या तोंडाकडे बघत एकेक शब्द घेत होते. एकदाही नजर वळवली नाही. त्याचाच मला जास्त राग आला, आणि मग रडू आलं. मीही काय कमी होते? खोट्याची सुरुवात माझीच.

सीडीच्या मागे ती काढणाऱ्या कंपनीचा नंबर होता. दोन दिवस मला धीरच झाला नाही, सोमवारी ऑफिस उघडल्या उघडल्या मी फोन लावला. हे समोर येऊन बसले. एका मुलीनं उचलला. मी म्हटलं, मी त्याची आई बोलतेय, मला त्याचा नंबर हवाय. ती जरा घुटमळली. बिचारी चांगल्या घरची असावी, आवाज पडला तिचा. तिला जे सांगायचं होतं ते तिनं सांगितलं आणि सॉरी म्हणून फोन ठेवला.

"काय म्हणाली?" ह्यांनी विचारलं.

"तो शनिवारी येऊन गेला," मी म्हटलं. "घरून फोन आला तर नंबर द्यायचा नाही, असं सांगून गेलाय. आईचा आला तरी."

हे कानामागचं यंत्र चाचपत पुढे वाकले.

"शेवटचं कळलं नाही," हे म्हणाले. "जरा मोठ्यानं सांग."

आणि मला ते पुन्हा सांगावं लागलं.