दुसऱ्या पायाचा फोटो

या, असे जवळ सरकून बसा. ही गोष्ट लांबून ऐकायची नाही. हिच्यात दोन घोटे आहेत, एक स्क्रू आहे आणि बापलेकीचा एक वाद आहे. देवाचं नाव घेऊन सांगतो, नीट ऐका.

थोरल्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीसमोर धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे बारीक केले. लेकही डॉक्टर, तिच्या टेबलावर संगणकाचा एवढा मोठा पडदा होता, पण त्यांना खिडकीचाच उजेड लागायचा.

"घोट्याचं बाहेरचं हाड मोडलंय. आणि दोन हाडांना धरून ठेवणारा पट्टा फाटलाय," ते म्हणाले. "प्लेट लाव. तिच्यातून एक लांब स्क्रू, दोन्ही हाडांतून. तीन महिन्यांनी काढ. संपला विषय."

"प्लेट लावतेच आहे, बाबा. पण लांब स्क्रू नाही. दोरी."

"दोरी! आईचा पाय जोडते आहेस की गाठोडं बांधते आहेस?"

पलंगावर आई होती, डावा पाय उशांवर उंच ठेवलेला. कुंड्यांना पाणी घालताना स्टुलावरून घसरली होती. ती छताकडे बघत म्हणाली, "भांडा सावकाश. पाय कुठं पळून जात नाहीये."

लेक बापाच्या शेजारी खिडकीशी गेली. याच इस्पितळात, याच खिडकीशी ती त्यांच्या हाताखाली शिकली होती. म्हणून तिनं आवाज खाली घेतला.

"दोरी म्हणजे पक्का धागा, बाबा, दोन्ही टोकांना धातूची बटणं. हाडांना जवळ धरते, पण चालताना तिथं केसभर हालचाल लागते ती होऊ देते. आणि नंतर काढावी लागत नाही."

"हलू दिलं तर जुळणार कसं?"

"आणि स्क्रू काढायला आईला पुन्हा टेबलावर घ्यायचं? तिची साखर बघा. एक जखम भरून आली तरी खूप झालं. दुसरी चिघळली तर?"

त्यांनी पलंगाकडे पाहिलं. आईची सकाळची प्रार्थना उभ्यानं असायची. आजारपणातसुद्धा खिडकीची चौकट धरून ती उभी राहायची. बसून म्हटलेली प्रार्थना वरपर्यंत पोचत नाही, असं ती हसत म्हणायची. तिचा पाय गेला तर काय जाईल, हे दोघांनाही सांगायची गरज नव्हती.

"स्क्रूनं माझी माणसं आयुष्यभर चालली," ते अखेर म्हणाले.

"चालली. कारण तुम्ही एकेकाला हुडकून आणून स्क्रू काढलात."

ते खरंच होतं. लोक त्यांना मागून 'स्क्रूवाले' म्हणत. रोगी ठरल्या तारखेला आला नाही, तर हे त्याच्या घरी निरोप धाडत. तरी आला नाही, तर स्वतः दारात उभे राहत. त्यांचं शिकवणंही न्यारं. गाऊन सांगितलेल्या प्रवचनासारखी एक ओळ धरायची आणि तीच घोळवत राहायची. स्क्रू मुठीनं पिळू नका, बोटांनी फिरवा. स्क्रू विसरू नका, तो मोडतो. आणि सगळ्यांत लाडकी ओळ: दुसरा पाय पाहिल्याशिवाय मोडक्या पायाला हात लावू नका, देवानं माप शेजारीच ठेवलंय. हे सांगत ते रोग्याच्या तळपायाखाली आपला तळवा लावत आणि पाऊल काटकोनात वर धरत. लेकीच्या आठवणीतले बाबा म्हणजे तो तळवाच होता.

"बरं," ती म्हणाली, "दोन्ही गोष्टींचा विचार करू. आधी उजव्या पायाचा फोटो काढते. मापाला."

थोरल्या डॉक्टरांनी एक्स-रे खाली घेतला.

"तो कशाला? तो कुठं धड आहे? तोही मोडलेलाच होता."

"पण जोडलाय कुणी? तुम्ही! त्याहून अचूक माप मला कुठं मिळणार?"

"उगाच खर्च."

"इस्पितळ आपलं आहे, बाबा."

"अगं, पण..." ते चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसू लागले. चष्मा स्वच्छच होता.

पलंगावरून हसू फुटलं. आधी दाबलेलं, मग न दाबता आलेलं. "काढू दे हो फोटो," आई म्हणाली. "किती वर्षं झाकाल?"

त्या उजव्या घोट्याची गोष्ट लेकीला पाठ होती. घरातली आवडती गोष्टच ती. तरुण आई जिन्यावरून पडली, तरुण डॉक्टरांनी पाय जोडला, तीन महिन्यांनी ती स्क्रू काढायला आली, आणि तिथं त्यांनी तिला लग्नाचं विचारलं. लहानपणी ही गोष्ट ऐकल्याशिवाय ती झोपत नसे.

थोड्या वेळानं पडद्यावर उजवा घोटा आला. जुनी प्लेट, जाडजूड, आताच्या प्लेटांपुढे लोहारानं केल्यासारखी. आणि तिच्यातून निघून दोन्ही हाडांत रुतलेला लांब स्क्रू. दोन हाडांच्या मधोमध तो मोडलेला होता.

लेकीनं पडद्याकडे पाहिलं, मग बापाकडे.

"हा काढलाच नाही?"

"काढायलाच बोलावली होती," थोरले डॉक्टर खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"मी टेबलावर पाय ठेवून बसले होते," आई सांगू लागली. "यांनी पाऊल हातात धरलं आणि सोडेचनात. विचारलंन. मी हो म्हटलं. हे जे उठले, ते थेट आपल्या आईला फोन करायला! मी थोडा वेळ वाट पाहिली, मग चप्पल घातली आणि घरी गेले. स्क्रू आठवला तो लग्न ठरल्यावर."

"मग काढायचा ना!"

"होणाऱ्या बायकोला चाकू लावायला यांचा हात धजेना. दुसऱ्या डॉक्टरला काय तोंडानं सांगणार? एक दिवस बाजारातून येताना आत कट्कन वाजलं. हे पांढरेफटक. मी म्हटलं, दुखत नाहीये, चला, भाजी सुकतेय."

लेक हसली नाही. ती पडद्याजवळ वाकली, मोडलेल्या स्क्रूच्या दोन तुकड्यांमधलं अंतर बघू लागली. हाडं जागेवर होती. माप अगदी बरोबर होतं.

"तुटल्यावर तिथं हालचाल मोकळी झाली," ती सावकाश म्हणाली. "आणि हाच पाय जन्मभर चालला, बाबा."

थोरले डॉक्टर आले, तिच्या शेजारी उभे राहिले. चष्मा डोळ्यांवर घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तो फोटो पाहिला. स्क्रू मोडल्यावर या पायाचा फोटो काढायचं धाडसच त्यांना कधी झालं नव्हतं. मग त्यांनी पडद्याच्या काचेवर बोट टेकवलं.

"दोरी इथून ने," ते म्हणाले. "जरा तिरकी. आणि पाऊल काटकोनात धर."

"तुम्ही धरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. लेकीनं दोरी ओढली, बटण हाडावर बसलं. तोवर आईच्या तळपायाखाली एक म्हातारा तळवा होता, पाऊल काटकोनात धरून.

आईला घरी न्यायच्या दिवशी थोरले डॉक्टर दारातून मागे वळले.

"तीन महिन्यांनंतरची तारीख दे."

"बाबा, काढायला काहीच नाही आता."

"माहीत आहे. तरी दे."

तिनं दिली. त्या तारखेला दोघं आले. आई आपल्या पायांनी चालत, थोरले डॉक्टर अर्धं पाऊल मागे. तपासून झाल्यावर कुणालाच उठायची घाई नव्हती. मग दर वर्षी ती तारीख पाळली गेली. लेक त्या दिवशी दुपारी खोली मोकळी ठेवते.

यंदा आई एकटी आली; अर्धं पाऊल मागे चालणारे आता राहिले नव्हते. खिडकीशी गेली, चौकट न धरता उभी राहिली, आणि ओठांतल्या ओठांत आपली प्रार्थना म्हणाली. लेकीनं खुर्ची पुढे केली नाही.

तुम्हीही उद्या सकाळी उठाल, पाऊल जमिनीवर टेकवाल. तेव्हा त्या स्क्रूवाल्यांची एकदा आठवण काढा.