पान सव्वीसवरची दुरुस्ती

निवृत्त झाल्यावर मी एक पुस्तिका लिहिली, ‘गोंदिया जिल्ह्यात काय पाहाल’. कचारगडच्या गुहा, नवेगावचा तलाव, हाजरा धबधबा, आणि पान सव्वीसवर आमच्या गावचे सारस. ‘गावतलावाच्या पश्चिमेला, रामलाल बिसेन यांच्या तिसऱ्या बांधीत (धानाच्या खाचरात) ही जोडी दर पावसाळ्यात घरटं करते.’ हे एक वाक्य लिहिण्याआधी मी तीन पावसाळे त्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन बसलो होतो. शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य गेलेल्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांवर लवकर विश्वास बसत नाही.

मागच्या वर्षी ते वाक्य वाचून लोक आले. कॅमेरे घेऊन धुऱ्यावर उभे राहिले. जोडी उठली ती दुपारपर्यंत घरट्याकडे फिरकली नाही. तोवर कावळ्यांनी दोन्ही अंडी फोडली.

यंदा ऑगस्टमध्ये रामलाल सकाळीच माझ्या पडवीत आला.

“गुरुजी, अंडी दिली. दोन हायेत. कोनाले सांगू नोका.”

“मी कोणाला सांगतो?”

“तुम्ही नाही सांगत, तुमचं पुस्तक सांगते. सुखवंतानं त्या बांधीत निंदनबी नाही केलं. बायाच नाही जाऊ देत तिकडे. मले म्हणते, तुमीबी खोकलू नोका.” सुखवंता म्हणजे त्याची बायको.

त्याच आठवड्यात नागपूरहून वीरेंद्र नावाचा तरुण आला. हातात माझी पुस्तिका, कडा मळलेल्या, जागोजागी पेन्सिलीच्या खुणा. एवढी वाचलेली प्रत मी पहिल्यांदाच पाहत होतो.

“सर, काल कचारगडला गेलो होतो. तुम्ही लिहिलंय तिथेच झरा सापडला. तुमची एकही गोष्ट चुकलेली नाही.”

मी चहा सांगितला.

“आता सारस,” तो म्हणाला. “रविवारी आमचा ग्रुप येतोय, अठ्ठावीस जण. म्हटलं, आधी जागा बघून घ्यावी. बिसेनांचं शेत कुठलं?”

“घरट्याजवळ गेलं की जोडी उठते,” मी म्हणालो. आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

“लांबूनच बघू, सर. मोठी लेन्स आहे.”

मागच्या वर्षीचे लोकही हेच म्हणाले होते. मी पुस्तिका हातात घेतली, पान सव्वीस काढलं.

“हे चुकलंय,” मी म्हणालो.

“काय चुकलंय?”

“घरटं तिथे नसतं. मी पाहिलेलं नव्हतं. कोणीतरी सांगितलं, मी लिहिलं.”

नेमका तेव्हाच रामलाल सायकल हातात धरून समोरून चालला होता. वीरेंद्रने त्याला हाक मारली.

“काका, रामलाल बिसेन कुठे राहतात?”

“रामलाल? तो त रायपूरले गेला पोरीकडे. काऊन?”

“त्यांच्या शेतात सारसाचं घरटं असतं ना?”

रामलालने माझ्याकडे पाहिलं, मग पुस्तिकेकडे.

“हे पुस्तक वाचून आले का भाऊ? अजी, हे त गुरुजीनं घरी बसून लिवलं. गुरुजी गावाबाहेर निंगतेत कधी? सावलीले भेतेत ते.”

आणि हसत तो सायकल ढकलत पुढे गेला. मीही हसलो. हसायलाच हवं होतं.

वीरेंद्र हसला नाही.

“मग कचारगडचं? तेही ऐकूनच?”

कचारगडला मी चार वेळा गेलो होतो. दुसऱ्या खेपेला पाय मुरगळून झऱ्याजवळच तासभर बसून होतो. हे सांगितलं असतं, तर सारसांचंही मी पाहिलेलंच आहे हे त्याला कळलं असतं. मी चहाचा कप त्याच्याकडे सरकवला.

त्याने चहा अर्धा ठेवला. “सर, निदान हे तरी दुरुस्त करून द्या. दुसऱ्या कोणाची फेरी वाया जायला नको.” त्याने पेन पुढे केलं.

मी ते वाक्य खोडलं. बाजूला लिहिलं, ‘ही माहिती चुकीची आहे’, आणि सही केली. रविवारी ग्रुपला नवेगावलाच नेतो, असं म्हणून तो मोटारसायकलवर बसला.

रविवारी कोणी आलं नाही. सोमवारी रामलाल पडवीच्या पायरीवर येऊन बसला. तंबाखू मळू लागला.

“दोन्ही अंडी हायेत,” तो म्हणाला. “नर उभा हाये, मादी बसून हाये.” मग खाली बघत म्हणाला, “त्या दिशी जास्तच बोललो का गुरुजी?”

“नाही. बरोबर बोललास.”

तो गेल्यावर मी पलंगाखालची पेटी ओढली. पुस्तिकेच्या बत्तीस प्रती उरल्या होत्या. एकेक उघडून पान सव्वीसवर तीच ओळ खोडत गेलो, तेच शब्द, तीच सही. शेवटची प्रत स्वतःसाठी तशीच ठेवावी असं वाटलं. थोडा वेळ ती मांडीवर धरून बसलो. मग तीही खोडली, आणि शाई वाळेपर्यंत पान उघडं ठेवलं.