फाळक्यावरचं नाव

सुदेशच्या पिकअपला चौदा वर्षं झाली होती आणि त्यातलं एकही वर्ष तिला लपवता येत नव्हतं. पांढरा रंग मळकट झालेला, दारांखालचा पत्रा गंजलेला, हेडलाइटच्या काचा कावीळ झाल्यागत पिवळ्या. इंजिन तेवढं ठणठणीत. पण इंजिन बघतंय कोण? डोंबिवलीतल्या एका केटररने भांडी ने-आण करायचं कायमचं काम देऊ केलं, पण गाडीभोवती एक चक्कर मारून त्याने नाक मुरडलं.

"ही हॉलच्या दारात उभी राहणार ना शेठ? वऱ्हाडी काय म्हणतील? जरा माणसात आणा हिला. शनिवारी संध्याकाळपर्यंत फोटो टाका, मग बोलू."

नवी गाडी घ्यायची ऐपत नव्हती. मोठ्या वर्कशॉपवाल्याने रंगकामाचा सांगितलेला आकडा ऐकून सुदेश नुसतंच पाणी पिऊन उठला. मग अंथरूण पाहून पाय पसरायचं ठरलं. मानपाड्याला नाथाचं छोटंसं गॅरेज होतं. नाथा सुदेशचा शाळेतला दोस्त. हात सोन्याचा, पण सांगाल तेवढंच करणार. पाणी आण म्हटलं तर आणेल, पेला हवा असेल तर तोही सांगावा लागायचा.

चार दिवस दोघे गाडीला भिडले. गंजका पत्रा घासून नवा पांढरा रंग दिला. हेडलाइट पॉलिश पेपरने घासून लख्ख केले. बंपरला काळा स्प्रे मारला. भंगारवाल्याकडून चार व्हीलकॅप आणल्या, त्यातल्या तीन एकसारख्या निघाल्या. चौथी भिंतीच्या बाजूला लावायची, असं सुदेशने ठरवून टाकलं. त्याच्या बायकोने, संचिताने, शेजाऱ्यांच्या सोफ्यातून उरलेल्या रेक्झिनची सीटकव्हरं शिवली. ती इतकी झकास झाली की सुदेशला आपल्या जुन्या पँटची लाज वाटायला लागली.

शनिवारी सकाळी तो खडवलीला निघाला. त्याची आई, मालन, पंधरा दिवस लेकीकडे राहायला गेली होती, तिला आणायचं होतं. निघता निघता त्याने नाथाला उरलेली कामं सांगितली.

"काचेवरचे जुने स्टिकर काढ. पायदानाचा गंज काढ. हौद्यातला डांबराचा डाग काढ. आणि मागच्या फाळक्यावरचं नाव काढ. पण नीट काढ हां, घाई नको."

"काढतो," नाथा म्हणाला.

फाळक्यावर नाव होतं 'मालन'. गाडी घेतली त्या दिवशी सुदेशच्या वडिलांनी, धोंडीबांनी, ते स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. 'मा' एवढा मोठा झाला की शेवटी जागाच उरली नाही आणि 'न' बिचारा कडेला दबून बसला. धोंडीबांनी उभ्या आयुष्यात बायकोला नावाने हाक मारली नाही. 'अगं' नाहीतर 'सुदेशची आई'. तिनेही कधी त्यांचं नाव घेतलं नाही. हळदीकुंकवाला बायका मागे लागल्या तरी ती लाजून पदर तोंडाशी धरायची. धोंडीबांना कुणी छेडलं की ते म्हणायचे, "गाडीवर लिहिलंय की. वाचा."

आणि मालन वाचायची. शाळेचं तोंड न पाहिलेली ती बाई जगात तेवढा एकच शब्द वाचू शकत होती. बँकेतल्या मॅडमनी पासबुकावरचं छापील नाव दाखवलं, तेव्हा तिने ठाम मान हलवली होती. "हे माझं नव्हे. माझा 'न' दबलेला असतो."

धोंडीबा जाऊन चार वर्षं झाली. अक्षरं उन्हाने फिकी पडत चालली होती, म्हणून तर सुदेशला ती पुन्हा काढून घ्यायची होती. त्याच वळणाची, त्याच दबलेल्या 'न'ची.

खडवलीला बहिणीच्या घरात फोनला रेंज नव्हती. जेवण करून मायलेक लोकलने निघाले, कल्याणला उतरले आणि रिक्षात बसले. मालनने पिशवी मांडीवर घेतली आणि विचारलं, "गाडी झाली का रे रंगवून?"

"झाली गं. ओळखणार नाहीस. नाथाला सांगून आलोय, फाळक्यावरचं तुझं नाव पण काढ म्हणून."

मालन बारीक आवाजात म्हणाली, "का रे? वाईट दिसत होतं का?"

"अगं, काढ म्हणजे पुसून नाही! काढ म्हणजे रंगाने काढ. रांगोळी काढतो तसं."

"अस्सं होय," ती म्हणाली आणि हसली.

पण सुदेशचं हसू मावळलं. आपण सकाळी काय काय बोललो ते त्याला शब्द न् शब्द आठवलं. स्टिकर काढ, गंज काढ, डाग काढ. आणि त्याच दमात, नाव काढ. सख्ख्या आईने जे ऐकलं, ते नाथाने वेगळं ऐकलं असेल कशावरून? त्याने फोन काढला. नाथाच्या चार मिस्ड कॉलचे मेसेज येऊन पडले होते. परत लावला, तर नुसती रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. म्हणजे घासायचं मशीन चालू असणार.

रंग पुन्हा देता येतो, पत्रा पुन्हा ठोकता येतो. बापाचा हात पुन्हा कुठून आणायचा? मालन शेजारी बसून लेकीकडच्या गमती सांगत होती आणि तो नुसता हुं हुं करत होता.

गॅरेजपाशी रिक्षा थांबली. पिकअप नव्या नवरीसारखी उभी होती. संचिता फोटो काढत होती. सुदेश कुणाशी न बोलता धावत गाडीच्या मागे गेला आणि जागीच थिजला. नाव नव्हतं. नाव राहू दे, फाळकाच नव्हता.

"नाथा! फाळका कुठाय?"

"काढला," नाथा म्हणाला.

"काढला म्हणजे?"

"अरे, मशीन हातात घेतलेलं मी. मग म्हटलं, च्यायला, हा काढ म्हणाला म्हणजे काय? घासून काढ का रंगवून काढ? चार वेळा फोन केला, तुझा लागेना. म्हटलं उगाच लोचा नको, आख्खा फाळकाच काढून आत ठेवला. शिव्या घालायच्या तर घाल."

आत, भिंतीला टेकवून, गोणपाटाखाली फाळका होता. सुदेशने गोणपाट बाजूला केलं. मोठा 'मा', सडपातळ 'ल', आणि कडेला दबून बसलेला 'न'. केसालाही धक्का नाही. सुदेश मटकन तिथल्या डब्यावर बसला. चार वर्षांत एवढं हलकं त्याला वाटलं नव्हतं. शिव्या कसल्या, जन्मात पहिल्यांदा डोकं चालवल्याबद्दल त्याने नाथाला कडकडून मिठी मारली.

नावाला ब्रश लावायचा नाही, असं मालनने सांगितलं. मग नाथाने अक्षरांभोवतीचा भाग तेवढा रंगवला, नावावर नुसतं पारदर्शक लॅकर मारलं आणि फाळका परत बसवला. संचिताने शेवटचा फोटो पाठवला. दहा मिनिटांत केटररचा निरोप आला. 'मस्त. रविवारपासून या.'

मालनने ओल्या लॅकरला लागणार नाही असं, हवेतच अक्षरांवरून बोट फिरवलं. मग लेकाकडे वळून तिने पदराने डोळे टिपले.

"धोंडीबांचं नाव काढलंस रे बाळा," ती म्हणाली.

आईच्या तोंडून ते नाव सुदेश जन्मात पहिल्यांदा ऐकत होता.

हात पुसत उभ्या असलेल्या नाथाच्या हातातून मात्र फडका गळून पडला.

"नाही हो काकू! आईशप्पत, मी कुणाचंच नाव काढलं नाय!"