मेजाखाली गेलेला पाव

मूल चालू लागलं की त्याच्यापुढे घरंगळत सोडायचा तो गोल पाव ओव्हनमधून बाहेर आला तेव्हाच रालित्साला दिसलं, तो एका बाजूने बसलाय.

"हा सरळ घरंगळणार नाही, आई."

"घरंगळेल गं. दीड वर्ष नातवाच्या पायांची वाट पाहिली, आता पावाचं काय घेऊन बसलीस?" तिची सासू झद्राव्का म्हणाली. "स्टॉयमेन नऊ महिन्यांचा असताना अंगणभर पळायचा. त्याला कुणी यंत्र लावून ओढून काढलं नव्हतं."

"झालं हिचं सुरू," खुर्च्या भिंतीशी सरकवत रालित्साचा नवरा स्टॉयमेन पुटपुटला.

रालित्साला ते बाळंतपण आठवलं. तारीख उलटून गेली होती, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, उद्यापर्यंत थांबता येईल. तीच म्हणाली होती, नको, आजच करा. तेव्हा ती फार थकली होती. मग कळांसाठी सलाइनमधून औषध, मग बाळाचे ठोके मंदावले, मग डोक्याला लावून बाळ ओढून काढायचं ते यंत्र, व्हॅक्यूम. दीड वर्षाचा झाला तरी तिचा यासेन अजून एक शब्द बोलत नव्हता. मेंदूच्या डॉक्टरांनी परवा त्याला तपासलं आणि खांदे उडवले. "कशामुळे, ते कुठल्याही एका मुलाबद्दल कुणीच सांगू शकणार नाही. वाट बघा."

ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची. व्हॅक्यूम लावावा लागतो ती बाळं बहुधा आधीच अडचणीत असतात; पुढे काही उणं दिसलं तर दोष कुणाचा, व्हॅक्यूमचा की त्या अडचणीचा? वर्गात तिने हे फळ्यावर मांडून दाखवलं असतं. घरी मात्र तिला तिचं ते 'आजच करा' तेवढं ऐकू यायचं.

झद्राव्काने जमिनीवर कात्री, पुस्तक, हातोडी, रंगाचा ब्रश मांडला. पावामागे चालत जाऊन यासेन जे उचलेल, तो त्याचा पुढचा धंदा. तिने पाव सोडला. तो दोन हात सरळ गेला, वळला आणि मेजपोसाखाली दिसेनासा झाला.

"पुस्तक घे, राजा! पुस्तक!" झद्राव्का ओरडली.

यासेन डुलत पुस्तकावरून गेला, हातोडीवरूनही गेला. मेजाशी थांबला. मेजपोस उचलून आत शिरला आणि पाव छातीशी धरून बाहेर आला.

"भटारी होणार!" स्टॉयमेन हसला. "चला, फुकट पावाची सोय झाली."

"डोकं आहे हो पोराला," झद्राव्का हळूच म्हणाली. "दिसत नव्हता, तरी बरोबर शोधला."

रालित्साला माहीत होतं, हे तर वर्षाच्या आतल्या मुलांनाही कळतं. यातून काहीच सिद्ध होत नाही. तो बोलू लागला, शाळेत गेला, गणितात अडला, तरी प्रत्येक वेळी 'माझ्या घाईमुळे का?' हाच प्रश्न दारात उभा राहणार.

यासेनने पावाचा लचका तोडून, ती वाकताच, तिच्या तोंडात कोंबला. तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. ती तिथेच, हातोडीशेजारी, फरशीवर बसली आणि चावत राहिली. मग तिने हात पुढे केला.

"अजून दे," ती म्हणाली.

त्याने दिला.